अर्ध्या मिठाचं पिंप

त्र्यावना, ८ नोव्हेंबर

दोच्का,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ते विसरून राहिलेलं नाही.

पत्र म्लादेनच्या बसने पाठवते आहे, भाजक्या मिरचीच्या चटणीच्या बरण्यांबरोबर. स्पेनला जाणाऱ्या त्या बसमध्ये माणसांपेक्षा बरण्या जास्त असतात असं तोच सांगत होता. फोन करणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, आणि शेवटी दोघींपैकी एकीचंही काही सांगून होत नाही. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

कोबी आला. तू गेलीस आणि दोनच दिवसांत आला. दरवर्षी आपण त्या गाडीवाल्याची वाट बघत खिडकीत बसतो, आणि यंदा नेमका तो येणार म्हणताना तू बॅग भरून चालती झालीस. तळमजल्यावरच्या स्तामोभाऊने पोती तळघरात उतरवून दिली. घाम पुसत मला म्हणाला, “वहिनी, यंदा एवढा कोबी खाणार कोण?” मी म्हटलं, दोन आठवड्यांत दोच्का येतेय, ती खाईल. तो पुढचं पोतं उचलायला वळला. बोलला असता तर मी त्याला सरळ केलं असतं.

दोन आठवडे हे तुझे शब्द आहेत. सिल्वाच्या बाळाला चार आंघोळी घालायच्या, लेकीला जरा झोप मिळू द्यायची आणि परत यायचं. मग मला सांग, दोन आठवड्यांसाठी कोणी मेंढीच्या कातड्याच्या सपाता घेऊन जातं का? तुझ्या झाडांना पाणी घालायला गेले तेव्हा पलंगाखाली त्या नव्हत्या. अगं, कपड्यांच्या कारखान्यात तू मशीनवर होतीस आणि मी तपासणीला. शिवलेल्या कोटाचं एक बटण जरी सैल असलं तरी माझ्या नजरेतून सुटत नसे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तुझेच कोट मी सगळ्यात जास्त परत पाठवले.

असो. कामाचं बोलते.

माझ्या वाटणीचं काम मी केलं. स्वयंपाकघरात बसून एकेका गड्ड्याचा गाभा कोरला, माझ्या मुठीने मीठ भरलं. मग सगळं खाली पिंपात रचलं, मध्ये बेलफळासारखी ती पिवळी क्विन्सची फळं, थोडा मका, आणि बिटाचा तुकडाही टाकला, कारण तुला पाणी गुलाबी लागतं. मला लागत नाही. मग तुझ्या वाटणीचं काम आलं आणि मी हातात मिठाची पिशवी घेऊन नुसती उभी राहिले. पिंपावर ओतायच्या पाण्यात मीठ किती घालायचं?

इतक्या वर्षांत ते मला एकदाही सांगितलं नाहीस. झाकण लागेपर्यंत मला तळघरात येऊ द्यायची नाहीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, “पाण्याचं तुला सांगितलं तर तू मला कशाला ठेवशील?” तेव्हा मीही म्हटलं होतं की मग गाभ्याचं मी तुला सांगणार नाही. दोघी हसलो होतो आणि त्यावर तुझी ती चेरीची दारू प्यायलो होतो. आता हसू येत नाही. अंदाजाने घातलं आहे. पाणी तळाच्या तोटीतून काढून वरून पुन्हा ओतायचं काम एकटीने चालू आहे, आणि गुडघा रोज मला तुझं नाव घेऊन शिव्या देतो.

एक ओळ लिहून कळव. पाण्यात मीठ किती?

वेला


६ डिसेंबर, संत निकोलाचा सण

दोच्का,

तुझं पत्र नाही. बरण्या परत आल्या, धुतलेल्या, त्यात बदाम. बदाम चांगले आहेत. मी काय विचारलं होतं आणि तू काय पाठवलंस!

फार तर संत निकोलापर्यंत परत येईन, असंही जाताना म्हणाली होतीस. आज संत निकोला. स्तामोभाऊने तळ्यावरून मासा आणला, एवढा मोठा की माझ्या भट्टीच्या ट्रेमध्ये शेपटी मावेना. पोटात अक्रोड, भात, मनुका भरून मी तो भाजला. तुझी पद्धत कांदा जास्त घालायची, मी माझ्या पद्धतीने घातला. जेवताना स्तामोभाऊ म्हणाला, कांदा जरा हवा होता. त्याला म्हटलं, स्पेनला जा मग.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. काल सिल्वाचा फोन आला. तुझा नाही, सिल्वाचा. गोड बोलली. “वेलामावशी, घर बघायला लोक येतील, किल्ली तुझ्याकडे आहे, जरा दाखवशील ना?” मला आधी कळेचना कोणाचं घर. मग कळलं. मी विचारलं, आई कुठे आहे? म्हणाली, बाळाला झोपवते आहे. दिवसाढवळ्या अकरा वाजता बाळ झोपवतेस का गं? की दाराआड उभी राहून ऐकत होतीस?

घर विकायचं असेल तर विक. तुझं आहे, माझं नाही. पण ज्या किल्लीने मी तुझ्या झाडांना पाणी घालते त्याच किल्लीने तुझं घर मीच लोकांना विकायचं, आणि हे मला तुझ्या तोंडून कळू नये? समोरासमोरच्या दारांत आपलं अर्धं आयुष्य गेलं. तुझा पेतर गेला तेव्हा तू माझ्याकडे झोपलीस, माझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्याकडे. मला मूलबाळ नाही हे कोणी विचारलं तर मी सांगायची, समोर दोच्का आहे ना. आता काय सांगू?

पहिला माणूस आज सकाळीच येऊन गेला. गाब्रोवोचा, मिश्या रंगवलेला. मी त्याला सगळं दाखवलं. नळ ओरडतो तेही सांगितलं, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी बासरी शिकतं तेही. तो लवकर गेला. मी खोटं काही बोललेले नाही.

कोबीच्या पाण्याचा रंग मला आवडत नाही. पुन्हा विचारते, मीठ किती?

वेला


२५ डिसेंबर

दोच्का,

काल नाताळची आदली संध्याकाळ मी तुझ्या स्वयंपाकघरात केली. माझी शेगडी धूर सोडते आहे, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

पदार्थ विषम संख्येत हवेत म्हणून मोजून मांडले. घेवड्याचं कालवण, घेवडा भरलेल्या सुक्या मिरच्या, भोपळा भरलेली पापुद्र्यांची बनित्सा, सुक्या फळांचा रस, लसूण, मध, अक्रोड. पानात गुंडाळलेला भात द्राक्षवेलीच्या पानांत केला, कोबीच्या पानांत नाही. नाताळाला सारमी कोबीच्या पानांत नाही, असं या जिन्यावर पहिल्यांदाच झालं असेल. स्तामोभाऊने पान उचलून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुपचूप खाल्लं. शहाणा माणूस आहे.

आता खरं सांगते. पाणी तार धरायला लागलं आहे. डावाने उचललं की शेंबडासारखं लोंबतं. कोबीचा गड्डा दाबला की बोट आत जातं. रोज पाणी काढते आणि ओतते, काढते आणि ओतते, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मीठ कमी पडलं हे स्तामोभाऊसुद्धा सांगू शकतो आणि त्याने सांगितलंही. किती कमी पडलं हे या जगात फक्त तुला माहीत आहे, आणि तू मला बदाम पाठवतेस.

वडीलमाणूस म्हणून स्तामोभाऊने भाकरी मोडली. एक तुकडा देवाच्या आईचा, एक घराचा, एक त्याचा, एक माझा, आणि एक तुझा. तुझ्याच घरात तुझा तुकडा काढायला मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून काढला. भाकरीत घालून भाजलेलं शकुनाचं नाणं घराच्या तुकड्यात निघालं.

आणि मग फोन वाजला. माझ्या घरातला, समोरच्या दारामागे. मला लगेच कळलं की तू आहेस. दुसरं कोण त्या वेळेला करणार? पण ताट समोर होतं. वडील सोडून त्या जेवणातून कोणी उठायचं नाही, उठलं तर कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत, हे तुला मीच काय सांगू. माझ्याकडे एकही कोंबडी नाही. तुझ्याकडेही नाही. तरी मी उठले नाही. स्तामोभाऊ म्हणाला, “मी उठू का, वहिनी? मला चालतं.” मी म्हटलं, बसा. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. घास तोंडात फिरत होता.

तुलाही माहीत होतं की आम्ही ताटावर असू. माहीत असून त्या वेळेला फोन केलास. मी उचलणार नाही याची खात्री होती म्हणूनच केलास, असं मला आज सकाळपासून वाटतं आहे, आणि असं वाटतं म्हणून माझाच मला राग येतो आहे.

तुझ्या जिरेनियमला नवीन फूट आली आहे. इथे बर्फ गुडघाभर आहे.

वेला


२१ जानेवारी

दोच्का,

म्लादेन येऊन गेला. राकियाची दारू गरम करून, मध घालून दिली. दोन पेले झाल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, “दोच्कामावशी सहज विचारत होती, कोबीच्या गाभ्यात मीठ किती घालायचं.”

सहज! अगं, ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? मी त्याला उलटतपासणीला घेतलं. तिथे दिवसभर बाळाला घेऊन बसलेली असतेस, पण बाल्कनीत निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलं आहेस, ऑलिव्ह विकणाऱ्याकडून मागून आणलेलं. त्यात कोबी घातलास. तो सडला. तुझा जावई नाक धरून बाल्कनीत जातो. शेजारीण पोलिसांना बोलावते म्हणाली. म्लादेन हे सगळं सांगत होता आणि मी इतकी हसले की मला ठसका लागला. तो गेल्यावर पेले धुताना हसू गेलं.

म्हणजे तुझं पाणी बरोबर होतं आणि गाभा अळणी राहिला. माझा गाभा बरोबर होता आणि पाणी अळणी राहिलं. युरोपच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या एकेक पिंप कोबी सडवून बसल्या, आणि एकीनेही दुसरीला सरळ तोंडाने विचारलं नाही. बरोबर, मी विचारलं होतं. तीनदा. पण तू विचारलंस ते ड्रायव्हरच्या तोंडून.

त्याला मी सांगितलं, गाभ्यात मीठ किती घालायचं ते बघायचं असेल तर ऑक्टोबरात इथे ये, माझ्या स्वयंपाकघरात बस आणि डोळ्यांनी बघ. हाच माझा निरोप आहे आणि तो बदलणार नाही.

माझा कोबी मी आणि स्तामोभाऊने टाकला. बादल्या भरभरून कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेला. जिन्यात वास अजून आहे. बासरीवाल्याच्या आईने नाकाला रुमाल लावला, तेव्हा तिला म्हटलं, तुमच्या बासरीचाही वास येतो. पिंप धुऊन उपडं घातलं आहे. हिवाळ्यात आपलं पिंप उपडं मी कधी बघितलं नव्हतं. तळघरात जायचं टाळते.

घर बघायला दुसरं कोणी आलं होतं. तरुण जोडपं, इथलंच, तो लाकडावर कोरीवकाम करतो. ती तुझ्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, इथे किती छान ऊन येतं. तू उभी राहतेस तिथेच उभी राहिली, हात तसेच ओट्यावर टेकून. मग मी त्यांना जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते, वगैरे. तिचा चेहरा उतरला. ती परत येणार नाही.

सिल्वाला सांग, लोक येतात आणि जातात. मी काय करू?

वेला


२२ फेब्रुवारी, माफीचा रविवार

दोच्का,

हे पत्र लांब होणार आहे. बाळ झोपवून मग वाच.

काल म्लादेनने दार वाजवलं आणि माझ्या हातात कॉफीचा डबा ठेवला. आत लोकरीचा मोजा, मोज्यात एक अंडं. म्हणाला, “सगळ्या सरहद्दी मांडीवर ठेवून ओलांडल्यात, मावशी. एकाने विचारलं यात काय आहे, तर मी म्हटलं अंडं, तर तो मला वेड्यात काढून हसला.” पत्र? पत्र नाही. निरोप? निरोप नाही. “फक्त म्हणाली, वेलाला दे, माफीच्या रविवारच्या आत.”

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, आजच्या रात्रीसाठी पाठवलंस. छतातून दोऱ्याला अंडं बांधायचं, झोका द्यायचा आणि तोंडाने पकडायचं. गेल्या वर्षी तू, मी आणि स्तामोभाऊ, तुझी कवळी निसटून टेबलाखाली गेली आणि आपण तिघं गुडघ्यांवर रांगत ती शोधत होतो. आणि आता तू स्पेनमधून मला अंडं पाठवतेस! आमच्या गावात कोंबड्या मेल्यात का? आणि दोऱ्याला झोका कोण देणार, तुझी सावली? जखमेवर मीठ म्हणतात ते हेच, असं मी एकटीच मोठ्याने म्हणत होते.

रागारागाने भांड्यात पाणी घेतलं, अंडं फुटू नये म्हणून चिमूटभर मीठ टाकलं आणि अंडं सोडलं. ते तळाशी जाऊन बसलं. शेगडी पेटवायला वळले तेव्हा त्याच्या जाड टोकावर काहीतरी दिसलं. मला वाटलं दुकानाचा शिक्का. बाहेर काढून चष्मा लावून बघितलं. पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ होतं, लहान, नाण्याएवढं, आणि एका बाजूला वाकडं. तुझी ओळ सरळ कधी आलीच नाही.

शेगडी पेटवली नाही.

अंडं मोज्यात घातलं आणि तळघरात गेले. बादलीत पाणी घेतलं, अंडं सोडलं आणि मीठ टाकायला लागले. एक मूठ, ढवळलं. दुसरी मूठ, ढवळलं. अंडं तळाशी हललं. आणखी टाकलं. ते उठलं, उभं राहिलं, हळूहळू वर आलं आणि कपाळ पाण्याबाहेर काढलं. मग मी चिमटीचिमटीने टाकत गेले, पाणी बरोबर तुझ्या पेन्सिलीच्या रेघेला लागेपर्यंत. बोट बुडवून चाखलं. तेच होतं, दोच्का. झाकण लावल्यावर तू वर यायचीस तेव्हा तुझ्या बोटांना जी चव असायची, तीच. मी पिंपात याच्या निम्म्यानेसुद्धा टाकलं नव्हतं.

प्रवासात अंडं शिळं होतं आणि शिळं अंडं आपणहून वर येतं, हेही मनात आलं. मग लक्षात आलं की तुझ्याही आलं असणार. वर्तुळाच्या आत एक आणखी लहान, पुसलेलं वर्तुळ आहे. ताज्यासाठीचं आधी काढलंस, मग प्रवासाचे दिवस धरून मोठं केलंस. तपासणीला मी होते, पण हा कोट मी परत पाठवला नसता.

मी इतकी खूश झाले की उपड्या पिंपावरच बसले. आणि बसल्यावर मला दुसरं कळलं.

जी बाई ऑक्टोबरात परत येणार असते ती अंडं पाठवत नाही. ती येऊन स्वतः पाणी करते आणि मला तळघराबाहेर ठेवते. तू मला पाण्याचं मीठ दिलंस, म्हणजे आता मला तुझी गरज पडू नये अशी सोय केलीस. मला ते अंडं भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं. हात वर गेलासुद्धा होता. सबंध हिवाळा मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागत होते, आणि ती मिळाली तेव्हा मला ती नको होती. पाण्याचं मीठ मला नकोच होतं गं. मला तू हवी होतीस, पाण्याचं गुपित पोटात ठेवून समोरच्या दारात राहणारी.

आज सकाळपासून चांगलं जाकीट घालून बसले होते. आजच्या दिवशी धाकट्याने थोरल्याकडे जायचं, आणि मी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोरली. दरवर्षी तू समोरून तीन पावलं चालत यायचीस, नाटक करत गुडघा टेकायचीस आणि म्हणायचीस, “म्हातारे, माफ कर.” मी आधी स्तामोभाऊकडे जाऊन आले, तो आम्हा सगळ्यांत थोरला. त्याचा हात हातात घेतला, त्याने माफ केलं आणि हलव्याचा तुकडा दिला. मग घरी येऊन दाराकडे तोंड करून बसले. तुझं दार बंदच राहणार हे मला काय माहीत नव्हतं? तरी बसले. बासरीवाला मात्र आला, आईने पाठवलेला. त्याला माफ करून टाकलं.

दुपारी टेबलावरच्या अंड्याकडे लक्ष गेलं. म्लादेनला तू सांगितलं होतंस, माफीच्या रविवारच्या आत. म्हणजे तू आली होतीस. धाकटीने यायचं तशी वेळेवर आली होतीस, सगळ्या सरहद्दी ओलांडून, आणि मी तुला उकडायला निघाले होते.

तेव्हा थोरलीने म्हणायचं ते म्हणते. माफ आहे, दोच्का. घर विकते आहेस ते माफ आहे. दाराआड उभी होतीस ते माफ आहे. तुझ्या नातवाला तुझी माझ्यापेक्षा जास्त गरज आहे, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि मला ते आवडत नव्हतं. अजूनही आवडत नाही.

आता माझं. माझी शेगडी धूर सोडत नव्हती. मला तुझ्या स्वयंपाकघरात बसायचं होतं. नाताळचं नाणं घराच्या तुकड्यात नव्हतं, तुझ्या तुकड्यात निघालं होतं. तू परत येणार असं मी त्यावरून ठरवलं आणि तुला सांगितलं तर ते फिसकटेल म्हणून सांगितलं नाही. आणि तुझ्या उत्तरेच्या भिंतीला ओल नाही. या सगळ्या इमारतीत तिच्यासारखी कोरडी भिंत दुसरी नाही.

त्या कोरीवकामवाल्याच्या दुकानात आज संध्याकाळच्या जेवणाआधी जाऊन आले. ते दुकानाच्या मागेच राहतात. बायकोला सांगितलं की भिंतीचं मी चुकीचं सांगितलं होतं, नळाला एक वायसर टाकला की तो ओरडायचा थांबतो, आणि ऊन संध्याकाळपर्यंत असतं. तिने मला आत बसवलं. मग विचारलं, समोर कोण राहतं? मी म्हटलं, एक भांडखोर बाई राहते. तिला हसू आलं. म्हणाली, तळघरात एक पिंप बघितलं, ते घराबरोबर मिळणार का? मी म्हटलं, नाही. त्यातलं अर्धं माझं आहे आणि अर्धं दोच्काने मला दिलेलं आहे. गुरुवारी ते दोघं पुन्हा येताहेत. घर विकलं जाईल, दोच्का. मी नीट दाखवेन.

पत्राबरोबर एक गाठोडं आहे, तुझ्याच निळ्या रुमालाचं. गाठ जपून सोड. त्यात माझी एक मूठ मीठ आहे. मोठ्या गड्ड्याच्या गाभ्याला एवढं, लहानाला त्याच्या निम्मं. तुझी मूठ माझ्यापेक्षा लहान आहे म्हणून तुझ्या मुठीने मोजू नकोस, याच्यावरून एक पेला ठरवून घे आणि तो पेला कोणाला देऊ नकोस. गाभा खोल कोर, नाही तर मीठ सांडतं. बाल्कनीत ऊन येत असेल तर पिंपावर घोंगडी टाक. आणि जावयाला सांग, पहिले काही दिवस वास येणारच. त्याने नाक धरावं आणि गप्प बसावं.

संध्याकाळी मी तुझं अंडं उकडलं. उद्यापासून उपास, अंडी बंद, आणि ठेवून ते काही टिकणार नव्हतं. वर्तुळ आधी कागदावर उतरवून घेतलं आहे, ताज्याचंही. मग दिव्याच्या आकड्याला लाल दोरा बांधला, स्तामोभाऊने झोका दिला, आणि मी पहिल्याच खेपेला पकडलं, दातांनी, तुझ्या मदतीशिवाय. स्तामोभाऊने टाळ्या वाजवल्या.

लावायला मीठ शोधलं तर घरात मीठ उरलंच नव्हतं. सगळं बादलीत गेलं आणि राहिलेलं तुझ्या रुमालात. रविवारी दुकानं बंद. अळणीच खाल्लं.

वेला